हरकतपत्रावर सही करण्याआधी : ब्रिटनमधील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधील सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सभासद

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावातील मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एका हरकतपत्राचा तयार इंग्रजी मसुदा फिरला. आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून कोपऱ्यावर एक पब आहे. तो चार वर्षांपासून बंद असून त्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत आणि अंगणातल्या बाकांवर शेवाळ चढले आहे. ती इमारत एका मुस्लिम विश्वस्त संस्थेने विकत घेतली आणि तिथे प्रार्थनास्थळ करण्याची परवानगी नगर परिषदेकडे मागितली. अशा अर्जावर लोकांना आपले म्हणणे कळवण्यासाठी २१ दिवस मिळतात. मसुद्यात सभासदाने नाव, पत्ता आणि तारीख एवढेच भरायचे होते. वाहनांची गर्दी, भोंग्याचा आवाज, परिसराच्या स्वरूपाला बाध ही कारणे आधीच लिहून ठेवलेली होती. संध्याकाळपर्यंत त्याखाली ‘पाठवले’, ‘आम्हीही पाठवले’ अशा उत्तरांची रांग लागली.

वाहनांच्या गर्दीबद्दल मला काही म्हणायचे नाही. ज्याच्या दारासमोर गाडी लावायला जागा उरत नाही, त्याने तसे जरूर लिहावे. मी अडखळले ते मसुद्याच्या शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी. मशीद ही या देशाच्या परंपरेत न बसणारी, बाहेरून आणलेली वास्तू आहे, अशा अर्थाचे ते वाक्य होते. त्याखाली जोशी, पाटील, शिंदे, कुलकर्णी अशी नावे जाणार होती, म्हणजे स्वतःच बाहेरून आलेल्यांची. मी या मंडळाची २२ वर्षे सभासद आहे, गणपतीच्या प्रसादाच्या मोदकांपासून वार्षिक हिशेबापर्यंतची कामे केलेली आहे, म्हणून गटावर वाद न घालता हे पत्र लिहीत आहे. असे मसुदे एकाच गावात फिरतात असे मला वाटत नाही, म्हणून ते सर्व मंडळांना उद्देशून आहे.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून नैऋत्येकडे जाणाऱ्या जलद गाडीने वोकिंगला पोहोचायला अर्धा तासही लागत नाही. स्थानकावरून पंधरा मिनिटे चालत गेले की ओरिएंटल रोडवर, दुकानांच्या एका मोठ्या आवाराच्या शेजारी, झाडांमध्ये हिरवा घुमट दिसतो. ही शाहजहान मशीद १८८९ साली बांधली गेली. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली वास्तू. तिला सगळ्यात मोठी देणगी भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम यांनी दिली, म्हणून तिचे हे नाव. तिला लागून असलेल्या घराचे नाव सर सालार जंग मेमोरियल हाउस आहे, आणि सालार जंग म्हणजे ज्या हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडा होता त्या संस्थानाचे दिवाण. मशीद उभारणारे गॉटलीब विल्हेल्म लाइटनर हंगेरीतल्या पेस्ट शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मले, लाहोरच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पंजाब विद्यापीठाच्या स्थापनेसाठी झटले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी वोकिंगमध्ये निवृत्त नटांसाठी बांधलेली एक रिकामी इमारत घेऊन तिथे पौर्वात्य विद्यांची संस्था काढली. वास्तुविशारद विल्यम आयझॅक चेंबर्स हे इंग्रज होते. एका ज्यू घरातल्या विद्वानाने भोपाळच्या बेगमेच्या पैशातून, इंग्रज विशारदाकडून, इंग्लंडच्या दगडात बांधून घेतलेली ही मशीद आहे. मसुदा लिहिणाऱ्याला तिच्यातला नेमका कोणता भाग ‘बाहेरचा’ वाटतो, ते मला खरोखरच समजून घ्यायचे आहे.

मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा तिचे लहानपण पाहून थक्क झाले. फोटोंमुळे एखादी भव्य इमारत असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात आपल्याकडच्या एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपाएवढीच ती आहे. आत शिरल्यावर चार पावलांत माणूस मध्यभागी येतो आणि वर पाहिले की घुमट जवळ भासतो. व्हिक्टोरिया राणीच्या सेवेत विंडसरला असलेले हिंदी मुसलमान नोकर इथे नमाजासाठी येत असत. १८९९ साली लाइटनर वारले, मशिदीला कुलूप लागले आणि ती विकली जाण्याची वेळ आली. लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनी कलकत्त्यात न्यायाधीश राहिलेल्या सय्यद अमीर अली यांच्यासारख्यांच्या मदतीने १९१३ मध्ये ती पुन्हा उघडली. पुढची कित्येक दशके ब्रिटनमधल्या मुस्लिम जीवनाचे केंद्र हीच छोटी वास्तू होती. २०१८ मध्ये तिला संरक्षित वास्तूंचा सर्वोच्च, म्हणजे पहिला दर्जा मिळाला. सेंट पॉल्स कॅथीड्रलचाही दर्जा हाच आहे.

वोकिंगच्याच हॉर्सेल कॉमन या माळावर आणखी एक जागा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या राजवाड्यात उभारलेल्या रुग्णालयात आणले जात. तिथे जे हिंदू आणि शीख सैनिक वारले त्यांच्यापैकी ५३ जणांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला, आणि १९२१ मध्ये त्या जागी संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी केला होता. मुसलमान सैनिकांचे मृतदेह वोकिंगला आणले जात. ब्रिटिश सरकार त्यांचे दफन धर्माप्रमाणे करत नाही असा प्रचार जर्मनीने चालवला होता आणि त्याला उत्तर म्हणून सरकारने १९१७ मध्ये त्या माळावर कमानींची भिंत असलेले दफनस्थान बांधले. १९६८ मध्ये तिथले अवशेष ब्रुकवुडच्या लष्करी स्मशानभूमीत हलवले गेले, जागा ओस पडली आणि तिची नासधूसही झाली. २०१५ मध्ये तिची डागडुजी होऊन तिथे शांतता उद्यान झाले. त्यात हिमालयातली भूर्जवृक्षाची २७ झाडे लावली आहेत, दफन झालेल्या प्रत्येक सैनिकासाठी एक. याच युद्धात खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या लढाईत कापल्या गेल्या, आणि त्यांत मराठे व मुसलमान एकत्र होते. या मातीत आपली माणसे जेव्हा मेली तेव्हा कोणाला अग्नी द्यायचा आणि कोणाला कबर, एवढाच फरक केला गेला. बाहेरचे कोण, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

ब्रुकवुडचे नाव निघालेच आहे तर थोडे थांबते, कारण तिथल्या मातीत मुंबईच्या ओळखीची इतकी माणसे आहेत की मला तिथे परके वाटत नाही. १८५४ साली सुरू झालेल्या या विशाल स्मशानभूमीत पारशी विभाग आहे आणि त्यात जमशेटजी टाटा यांची समाधी आहे. मुस्लिम विभागात मार्माड्यूक पिक्थॉल यांची कबर आहे. कुराणाचे इंग्रजी भाषांतर करणारे हे इंग्रज गृहस्थ १९२० ते १९२४ या काळात ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या राष्ट्रीय विचाराच्या दैनिकाचे मुंबईत संपादक होते. कुराणाचे दुसरे विख्यात इंग्रजी भाषांतरकार अब्दुल्ला युसुफ अली मुंबईत शिकले, हिंदी सनदी सेवेत गेले, आणि १९५३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये अत्यंत विपन्नावस्थेत वारले. त्यांनाही इथेच पुरले आहे. सय्यद अमीर अली इथे आहेत, लाइटनर स्वतः इथे आहेत. एका सकाळी मी या सगळ्यांच्या समाध्या पायी फिरून पाहिल्या आणि दुपारच्या गाडीने घरी परतले. आपली मंडळे दरवर्षी सहली काढतात, त्यांत चॉकलेटचा कारखाना असतो, स्टोनहेंज असते, पण हे ठिकाण मी कोणत्याही सहलीच्या पत्रकावर अजून पाहिलेले नाही.

वोकिंगची मशीद उभी राहिली त्याच वर्षी लिव्हरपूलमध्येही मशीद सुरू झाली, आणि ती तर एका इंग्रज वकिलाने काढली. विल्यम हेन्री क्विलियम यांनी १८८७ मध्ये इस्लाम स्वीकारला, अब्दुल्ला हे नाव घेतले आणि १८८९ मध्ये ब्रूम टेरेस या घरांच्या रांगेतल्या ८ क्रमांकाच्या घरात संस्था सुरू केली. ख्रिसमसच्या दिवशी ते गोरगरिबांना जेवू घालत. तिथे अनाथालय होते, शाळा होती, छापखाना होता. तिथे येणाऱ्यांवर चिखल आणि दगड फेकले जात, खिडकीतून अजान देणाऱ्यालाही त्यातून सुटका नव्हती. १९०८ मध्ये क्विलियम देश सोडून गेले आणि संस्था मोडली. पुढे अनेक वर्षे त्या इमारतीत जन्म, मृत्यू आणि विवाहांची नोंदणी होत असे, म्हणजे लिव्हरपूलच्या हजारो कुटुंबांच्या कागदपत्रांवर एका विस्मरणात गेलेल्या मशिदीचा पत्ता आहे. २०१४ मध्ये ती पुन्हा नमाजासाठी उघडली.

याच्याही आधीपासून या देशाच्या बंदरांत नमाज पढला जात होता, मात्र त्याला छप्पर नव्हते. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान असत आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. मुंबईहून निघालेली बोट लंडनच्या गोदीत लागली की हे लोक पुढच्या फेरीपर्यंत तिथे अडकून पडत. कोकणातल्या कितीतरी घरांत ‘आमचे पणजोबा विलायतेच्या बोटीवर होते’ असे अजून सांगतात. कार्डिफ आणि साउथ शील्ड्स इथे येमेनचे खलाशी स्थायिक झाले. कार्डिफच्या पील स्ट्रीटवरची त्यांची मशीद १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने उद्ध्वस्त झाली आणि त्यांनी ती पुन्हा बांधली. साउथ शील्ड्सच्या मशिदीत १९७७ मध्ये मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांच्या विवाहाला आशीर्वाद दिले गेले. जाता जाता एक सांगते. कार्डिफमध्ये १८६० साली देशातली पहिली मशीद झाली असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते; ते खरे नाही, प्रार्थनास्थळांच्या नोंदवहीतली नक्कल करताना झालेल्या चुकीतून ती समजूत पसरली. मशिदींच्या बाजूने बोलतानाही चुकीची तारीख वापरू नये, म्हणून हे नमूद करते.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील मोठ्या मशिदीला तर खुद्द ब्रिटिश सरकारने जागा दिली. शहरावर बॉम्ब पडत असताना, १९४० च्या ऑक्टोबरात, चर्चिल यांच्या युद्धमंत्रिमंडळाने तिच्या जागेसाठी एक लाख पौंड मंजूर केले. आपल्या साम्राज्यात ख्रिस्ती लोकांपेक्षा मुसलमान अधिक असताना राजधानीत त्यांचे मध्यवर्ती प्रार्थनास्थळ नसावे हे विसंगत आहे, असा मुद्दा लॉर्ड लॉइड यांनी मांडला होता. हे तेच लॉइड, जे १९१८ ते १९२३ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि ज्यांच्या कारकिर्दीत गांधीजींना अटक झाली. सरकारचा हेतू निर्मळ होता असे मी म्हणत नाही, युद्धात मुस्लिम देशांची मर्जी राखण्याची गरज होतीच. १९४४ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी तिथल्या सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन केले. आज दिसणारी सोनेरी घुमटाची इमारत मात्र १९७० च्या दशकात, फ्रेडरिक गिबर्ड यांच्या आराखड्याप्रमाणे उभी राहिली. लिव्हरपूलचे कॅथलिक कॅथीड्रल त्यांचेच.

या मोठ्या वास्तूंबद्दल मी इतके लिहिले तरी आपल्या मसुद्याचा विषय त्या नाहीत. या देशात आज दीड हजारांहून अधिक मशिदी आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य मशीद म्हणून बांधलेल्या नाहीत. ती राहती घरे होती, गोदामे होती, चित्रपटगृहे, चर्च आणि पब होते. ब्रॅडफर्डमध्ये १९५९ मध्ये पहिली मशीद झाली ती हॉवर्ड स्ट्रीटवरच्या घरात. गिरण्यांत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या मजुरांनी वर्गणी काढून घर घेतले, भिंत पाडली, गालिचा अंथरला. हा इतिहास कोणी दगडात कोरलेला नाही आणि माझ्या मते ब्रिटनच्या मशिदींचा खरा इतिहास हाच आहे.

आमच्या गावातली मशीद अशीच आहे. देशभर अनेक मशिदी २०१५ पासून वर्षातून एकदा सर्वांसाठी दार उघडतात, त्या दिवशी मी आत गेले. एका रांगेतली दोन घरे आहेत, मधली भिंत काढलेली. बैठकीच्या खोलीतली शेकोटी जागच्या जागी आहे आणि तिच्या कट्ट्यावर टोप्यांची टोपली. भिंतीवर पाच नमाजांच्या आणि जुम्म्याच्या वेळा दाखवणारी सहा घड्याळे एका फळीवर. पहिल्यांदा लक्षात येते ते गालिच्याच्या पट्ट्यांचे तिरकेपण. मक्का इथून आग्नेयेला येते आणि रस्ता बांधणाऱ्या व्हिक्टोरियन कंत्राटदाराने त्या दिशेचा विचार करण्याचे कारणच नव्हते, म्हणून घराच्या चारही भिंतींना न जुमानता पट्ट्या कोपऱ्यातून कोपऱ्यात जातात. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात एक त्रिकोण उरतो आणि त्यात एकच माणूस, तोही अंग चोरून, उभा राहू शकतो. मागच्या स्वयंपाकघरात मोरीच्या जागी हातपाय धुण्यासाठी बुटके नळ बसवले आहेत. वरच्या झोपायच्या खोलीत मुलांचा वर्ग भरतो.

आमच्या गल्लीत खेड तालुक्यातून आलेले एक कोकणी मुसलमान आजोबा राहतात. दिवाळीच्या फराळाचे ताट मी त्यांच्याकडे देते, ईदच्या दिवशी त्यांच्याकडून सांदण येते. पबचा अर्ज ज्या संस्थेने केला तिचे ते सभासद आहेत. मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताई, जागा पुरत नाही. जुम्म्याला दोन जमाती, म्हणजे नमाजाच्या दोन पाळ्या, कराव्या लागतात, तरी पोरं पावसात फुटपाथवर उभी असतात.” ते हे मराठीत म्हणाले. आपल्या गटावर सह्या जमत होत्या त्या दिवशी या गावातला एक मराठी माणूस त्या मसुद्याच्या पलीकडच्या बाजूला उभा होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते?

मसुद्यातल्या भोंग्याविषयी. ब्रिटनमधल्या बहुतेक मशिदींत अजान आतल्या आतच दिली जाते. बाहेर ध्वनिवर्धक लावायचा तर त्याचा वेगळा विचार होतो आणि ईस्ट लंडन मशीद किंवा बर्मिंगहॅमची सेंट्रल मशीद अशा मोजक्याच ठिकाणी तो आहे. आमच्या गावच्या अर्जात बाहेर ध्वनिवर्धक लावणार नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. मसुदा तयार करणाऱ्याने अर्ज वाचलाच नव्हता आणि त्यावर सही करणाऱ्यांनीही तो वाचला नाही. इंग्लंडच्या नियोजन कायद्यात चर्च, सिनेगॉग, मंदिर आणि मशीद एकाच वर्गात मोडतात. अधिकाऱ्याने वाहतूक पाहायची असते, आवाज पाहायचा असतो, अर्जदाराचा धर्म पाहायचा नसतो. परंपरेविषयीचे ते वाक्य म्हणूनच कायद्याच्या दृष्टीनेही निरुपयोगी होते. त्याने काही साधले असेल तर आपले नाव त्या फायलीत कायमचे नोंदवले गेले एवढेच.

आपणच या जागी उभे होतो, आणि त्याला फार काळ लोटलेला नाही. वॉटफर्डजवळचे भक्तिवेदांत मॅनर हे मोठे घर १९७३ मध्ये ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांनी इस्कॉनला दिले. जन्माष्टमीला येणाऱ्या गाड्यांची तक्रार झाली, परिषदेने कारवाई केली आणि प्रकरण तिथे जाहीर पूजेवर बंदी घालण्यापर्यंत गेले. हजारो हिंदू लंडनच्या रस्त्यावर उतरले आणि १९९६ मध्ये, वेगळा रस्ता काढण्याच्या अटीसह, परवानगी मिळाली. तेव्हाच्या हरकतपत्रांतही वाहने, आवाज आणि ‘परिसराचे स्वरूप’ हेच शब्द होते. आज नीसडनचे संगमरवरी मंदिर आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. पण ते बांधणाऱ्या संस्थेचे या देशातले पहिले मंदिर १९७० मध्ये इस्लिंग्टनच्या एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये सुरू झाले होते. आमचे मंडळ गणपती बसवते ते चर्चच्या सभागृहात. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशा वाजतो तेव्हा शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पाद्रीबाई आमच्याकडे हसून पाहतात. त्या शेजाऱ्यांनी कधी मसुदा फिरवला नाही.

लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉ लोकांनी १७४३ मध्ये ती चर्च म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून ती बांगलादेशी लोकांची जामे मशीद आहे. भिंतीवर पहिल्या मालकांनी बसवलेले सूर्यघड्याळ अजून आहे, त्यावर लॅटिनमध्ये ‘आपण सावली आहोत’ असे कोरले आहे. यांपैकी कोणीच ते काढले नाही.

मशिदींच्या इतिहासात सगळेच गोड आहे असे मला म्हणायचे नाही. लंडनच्या फिन्सबरी पार्कच्या मशिदीवर अबू हमजा हा अतिरेकी प्रचारक आणि त्याच्या माणसांनी कब्जा केला होता. २००३ मध्ये पोलिसांचा छापा पडून ती बंद झाली, आणि तिथल्या सामान्य मुसलमानांनी २००५ मध्ये ती नव्या विश्वस्तांखाली पुन्हा उभी केली. १९२६ मध्ये साउथफील्ड्स इथे लंडनमधली पहिली मशीद म्हणून बांधलेली वास्तू उघडली, ती अहमदिया पंथाची. इतर अनेक मुसलमान त्यांना मुसलमान मानत नाहीत. हा वाद त्यांच्यातही कडवट आहे. आमच्या गावच्या त्या दोन घरांत बायकांना नमाजाला जागा नाही, मी जिन्यावर बसून कार्यक्रम पाहिला आणि तसे त्यांच्या अध्यक्षांना स्पष्ट सांगितले. नव्या इमारतीच्या आराखड्यात बायकांचे दालन आहे. पबच्या अर्जाला पाठिंबा द्यायला मला ते एकच कारण पुरेसे होते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की भारतात जे झाले आणि होत आहे त्याचे काय. २०२२ च्या सप्टेंबरात लेस्टरमध्ये हिंदू आणि मुसलमान तरुणांत जे घडले त्याचा कडवटपणा अजून गेलेला नाही, हे मलाही ठाऊक आहे. तिकडच्या प्रश्नांवर प्रत्येकाचे मत असावे आणि ते तिथे मांडावे. पण इथल्या एका बंद पबच्या गाडीतळावर चार शतकांचा हिशेब चुकता होणार नाही, आणि त्या हिशेबात खेडचे आजोबा कुठेच बसत नाहीत. २०२४ च्या जुलैअखेरीस साउथपोर्टच्या मशिदीवर जमावाने विटा फेकल्या तेव्हा त्या, गावातल्या तीन मुलींचा खुनी मुसलमान आहे, या खोट्या अफवेमुळे फेकल्या गेल्या. दुसऱ्या सकाळी गावातले लोक फावडी आणि सिमेंट घेऊन आले आणि त्यांनी कुंपणाची भिंत पुन्हा बांधली. त्याच आठवड्यात लिव्हरपूलला क्विलियम यांच्या मशिदीसमोर निदर्शक जमले, तेव्हा तिथले इमाम ॲडम केल्विक खाणे घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या दिवसांत आमच्या मंडळातल्या किती घरांनी मुलांना बाहेर पाठवले नाही, ते आपण गटावरच एकमेकांना कळवले होते. रस्त्यावरच्या त्या माणसांना जोशी आणि खान यांतला फरक कळत नव्हता, आणि तो कळावा अशी आपली इच्छा असेल तर मला त्याचीच अधिक भीती वाटते.

म्हणून माझी सर्व कार्यकारिणींना विनंती आहे की नियोजन अर्जांवरचे तयार मसुदे, कोणत्याही धर्माच्या वास्तूविषयी असोत, मंडळाच्या गटावर येऊ देऊ नयेत. ज्याला लिहायचे आहे त्याने अर्ज वाचावा, रस्त्यावर जाऊन पाहावे आणि स्वतःच्या शब्दांत लिहावे. आमच्या मंडळाने त्या मसुद्याबाबत सभासदांना खुलासा करावा, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदनासाठी दोन जण तयार आहेत. आणि उन्हाळ्याच्या सहलीसाठी वोकिंग, हॉर्सेल कॉमन आणि ब्रुकवुड असा एक दिवस ठेवावा. आधी कळवले तर मशिदीचे लोक आत नेऊन माहिती देतात, शुक्रवारची दुपार तेवढी टाळावी, बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी न्यावी, आणि ब्रुकवुडला चालणे बरेच असल्यामुळे पायांत चांगले बूट असावेत. जमशेटजींच्या समाधीवर ठेवायला मी फुले आणीन.

नगर परिषदेला मी पाठिंब्याचे पत्र पाठवले आहे. त्यात शुक्रवारी दुपारी कोपऱ्यावर गाड्या वाढतील हेही लिहिले आहे आणि पबच्या मागचे आवार गाड्यांसाठी मोकळे ठेवावे अशी अट सुचवली आहे. ते पत्र ज्यांना वाचायचे असेल त्यांना मी देईन. मुदत संपायला अजून चार दिवस आहेत आणि आधी पाठवलेली हरकत लेखी कळवून मागे घेता येते.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद